गाडी बंद, हप्ता चालू! मुंबईतून घेतलेली गाडी बिघडली, तर गावाकडच्या माणसानं दाद कुठं मागायची?

मुंबई उपनगर : जाड टायरची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली चार चाकांची एटीव्ही पूर्वी फक्त नागाव, काशीद, मुरूडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवताना दिसायची. मुंबईत किनाऱ्यावर गस्त घालायला पोलीसही ती वापरतात. आता मात्र कृषी पर्यटन केंद्रात, आंब्या-चिकूच्या बागेत, फार्महाऊसवर ही गाडी दिसू लागलीय. कुणी पर्यटकांसाठी घेतो, कुणी बागेत खताच्या गोण्या न्यायला. तालुक्याच्या गावी अशी गाडी मिळत नाही. म्हणून माणूस बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड गाठतो. पैसे भरतो, टेम्पोत गाडी घालून गावी आणतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

पहिल्या पावसात गाडी बंद पडते. दुकानदार म्हणतो, "गाडी इकडं घेऊन या." पुन्हा टेम्पो, पुन्हा भाडं. गाडी महिनाभर वर्कशॉपला पडून राहते. फोन केला की ठरलेलं उत्तर मिळतं, "पार्ट मागवलाय, आठ दिवसांनी फोन करा." गाडी परत येते आणि चार दिवसांत तेच दुखणं पुन्हा सुरू. मग ऐकावं लागतं, "तुम्ही पाण्यात घातली असणार, हे वॉरंटीत बसत नाही." इकडं बँकेचा किंवा फायनान्सचा हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता जातो.

ही रड फक्त एटीव्हीवाल्यांची नाही. ट्रॅक्टर, पॉवर टिलर, इलेक्ट्रिक स्कूटर, तीनचाकी टेम्पो घेणाऱ्यांचीही हीच गत होते. कायदा सगळ्यांना एकच आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा ग्राहकाच्या बाजूचा आहे. फक्त तो वापरायचा कसा, हे माहीत हवं.

तक्रारींचा ढीग किती मोठा?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ओला इलेक्ट्रिकच्या स्कूटरचं. १ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४ या वर्षभरात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडं या एका कंपनीविरुद्ध १०,६४४ तक्रारी आल्या. त्यातल्या ३,३८९ तक्रारी सर्व्हिसला उशीर होतो अशा होत्या. नवी गाडी वेळेवर मिळाली नाही म्हणून १,८९९ जणांनी, तर कबूल केलेली सेवा दिली नाही म्हणून १,४५९ जणांनी तक्रार केली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीला कारणे दाखवा नोटीस काढली. ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्या, असं उत्तर कंपनीनं दिलं. पुढं २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागानं ट्रेड सर्टिफिकेट नसलेल्या या कंपनीच्या दुकानांवर कारवाई सुरू केली.

यातून घ्यायचं ते एवढंच. एकट्यादुकट्याचा आवाज वर्कशॉपच्या काउंटरवर विरून जातो. तीच तक्रार नोंदवली गेली की तिचा आकडा होतो आणि आकड्याला उत्तर द्यावंच लागतं. म्हणून "तक्रार करून काय होणार" म्हणत गप्प बसू नये.

परदेशातही हेच झालं. अमेरिकेत तीन चाकांच्या एटीव्ही उलटून इतके अपघात झाले, की १९८८ मध्ये कंपन्यांना सरकारशी कोर्टात करार करून नव्या तीनचाकींची विक्री थांबवावी लागली. २०१८ मध्ये पोलारिस या कंपनीनं तिकडं २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलर दंड मान्य केला. काही गाड्यांना आग लागण्याचा दोष होता आणि तो सरकारला वेळेत कळवला नाही, असा आरोप होता.

सगळ्यात महत्त्वाचं : खटला आपल्या जिल्ह्यात चालतो

"गाडी बोरिवलीची, म्हणजे केस मुंबईत लढायची. रोज कोण जाणार?" या एका विचारानं किती तरी माणसं गप्प बसतात. जुन्या, १९८६ च्या कायद्यात दुकानदार किंवा कंपनी जिथं असेल, किंवा व्यवहार जिथं झाला असेल, तिथंच जावं लागायचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि ही अट सुटली. आता ग्राहक जिथं राहतो किंवा जिथं कामधंदा करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते.

म्हणजे समजा, रोहा तालुक्यातल्या एका बागायतदारानं अंधेरीतून गाडी घेतली. त्यानं अलिबागच्या रायगड जिल्हा आयोगात तक्रार दिली तरी चालते. अंधेरीच्या दुकानदारानं अलिबागला यायचं. शहापूर-मुरबाडच्या माणसानं मुलुंडमधून गाडी घेतली असेल, तर त्याला ठाणे जिल्हा आयोग आहे. ज्याला मुंबईच सोयीची वाटते, त्याच्यासाठी वांद्रे पूर्वेला मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग आहेच.

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं, "सर्व वाद मुंबई न्यायालयाच्या अखत्यारीत." ती ओळ वाचून घाबरू नये. छापील ओळीनं कायद्यानं दिलेला हक्क जात नाही. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीचंही तेच. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच.

दोष कशाला म्हणायचं?

कायद्यात दोन शब्द आहेत. वस्तूत खोट असेल तर तो 'दोष'. दुकानदाराच्या किंवा वर्कशॉपच्या कामात कसूर असेल तर ती 'सेवेतील त्रुटी'. गाडीचा ब्रेक मुळातच नीट लागत नाही, हा दोष. वॉरंटीत असून तीन महिने गाडी अडवून ठेवली, दुरुस्त न करताच परत दिली, ही त्रुटी. तक्रारीत दोन्ही स्वतंत्र लिहावं. कारण कारखान्यातला दोष सिद्ध करणं अवघड असतं. सेवेतली कसूर मात्र तारखा आणि कागदांवरून सरळ दाखवता येते.

आता दुसरी बाजूही बघायला हवी. प्रत्येक बिघाड म्हणजे कारखान्यातला दोष नव्हे. बहुतेक एटीव्हीत गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी यंत्रणा असते. त्या पट्ट्याच्या डब्यात पाणी शिरलं की पट्टा घसरतो आणि गाडी ओढत नाही. एअर फिल्टर चिखलानं भरला की इंजिन गुदमरतं. खाऱ्या पाण्यातून, ओल्या वाळूतून फिरवून गाडी गोड्या पाण्यानं धुतली नाही, तर बेअरिंग, चेन, वायरींची टोकं गंजतात. पट्टा, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायर हे झिजणारे भाग बहुधा वॉरंटीत नसतात. म्हणून गाडी घेताना वॉरंटीचं पुस्तक वाचून घ्यावं आणि सर्व्हिस ठरल्या वेळी करावी. सर्व्हिस चुकवली की कंपनीला पळवाट मिळते.

मग खरा दोष ओळखायचा कसा? बिघाड अगदी सुरुवातीलाच, पहिल्या-दुसऱ्या सर्व्हिसच्या आत आला. तोच बिघाड दुरुस्तीनंतरही पुन्हा पुन्हा आला. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाड्यांतही तेच होतंय. ही दोषाची लक्षणं. पण गाडी हजारो किलोमीटर व्यवस्थित पळाली असेल आणि नंतर "मुळातच खराब होती" असं म्हटलं, तर आयोगापुढं ते टिकणं कठीण.

तज्ज्ञाचं मत इथं कामाला येतं. नुसतं बघून दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू तपासणीसाठी पाठवू शकतो. तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगितली जाऊ शकते. गावातल्या मेकॅनिकनं तोंडी सांगितलं म्हणून भागत नाही. सरकारी पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑटोमोबाइल विभागासारख्या, दोन्ही बाजूंशी संबंध नसलेल्या जाणकारानं गाडी तपासून दिलेला सहीशिक्क्याचा अहवाल वजनदार ठरतो.

नवी गाडी मिळते की नुसता पार्ट?

"मला गाडीच बदलून द्या," असं प्रत्येकाला वाटतं. कोर्टाचा हिशेब वेगळा असतो. एका मारुती गाडीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये सांगितलं, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी असेल, तर पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. दुसरीकडं २०२२ मध्ये ह्युंदाईच्या एका गाडीच्या अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत, तेव्हा गाडी बदलून देण्याचा आदेश त्याच कोर्टानं कायम ठेवला. म्हणजे दोष जिवावर बेतणारा असेल तर गाडी, भाग बदलून भागत असेल तर भाग, असा ढोबळ अंदाज धरावा.

म्हणून तक्रारीत एकच मागणी करू नये. दोष काढून द्या, नाही तर गाडी बदला, नाही तर व्याजासह पैसे परत करा, आणि झालेलं नुकसान, टेम्पोभाडं, मानसिक त्रास व खर्चाची भरपाई द्या, अशा पायऱ्या लिहाव्यात.

दुकानदार आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करावं. गोव्यातल्या एका ग्राहकाला जुन्या वर्षाची, आधीच चाललेली कार नवी म्हणून दिली गेली. त्या प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं टाटा मोटर्सला जबाबदार धरलं नाही. डीलर स्वतंत्रपणे व्यवसाय करतो आणि त्यानं केलेलं कंपनीला माहीत होतं याचा पुरावा नाही, असं कोर्टाचं म्हणणं. धडा सरळ आहे. विक्रीतली लबाडी डीलरच्या माथी बसते, कारखान्यातला दोष कंपनीच्या. म्हणून कंपनीला सुरुवातीपासून ई-मेल करत राहावं. पुढं "आम्हाला काहीच माहीत नव्हतं" असं तिला म्हणता येत नाही. आणि गाडी ताब्यात घेताना चासी नंबर, बनावटीचं वर्ष आणि मीटरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघावा.

धंद्यासाठी घेतली असेल तर?

इथं बरेच जण अडकतात. व्यावसायिक हेतूनं वस्तू घेणारा कायद्यानं 'ग्राहक' नसतो. किनाऱ्यावर एटीव्ही भाड्यानं देणारा मग काय करणार? कायद्यानं त्याला एक वाट ठेवलीय. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी वस्तू घेतली आणि वापरली असेल, तर तो व्यावसायिक हेतू धरला जात नाही. सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच हे स्पष्ट केलंय. स्वतः टॅक्सी चालवणारा ग्राहक असतो, पण दहा गाड्या घेऊन त्यावर ड्रायव्हर ठेवणारा बहुधा नसतो.

एक-दोन गाड्या घेऊन स्वतः किंवा घरच्यांच्या मदतीनं धंदा करणाऱ्यानं "ही गाडी मी स्वयंरोजगारासाठी, उपजीविकेसाठी घेतली" हे वाक्य तक्रारीत लिहिलंच पाहिजे. ते राहिलं, तर समोरचा वकील पहिला घाव तिथंच घालतो. स्वतःच्या शेतीसाठी यंत्र घेणाऱ्या शेतकऱ्यानंही हे लिहून ठेवलेलं बरं.

नंबरप्लेट नाही, मग हक्क आहे का?

अनेक एटीव्ही आरटीओत नोंद होत नाहीत. त्या फक्त खासगी जागेत, बागेत, मैदानात चालवण्यासाठी विकल्या जातात. अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणली तर पोलीस कारवाई करू शकतात. अपघात झाला तर विम्याचा मोठा घोळ होतो. "साहेब, गावात कोण विचारतंय" या दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नये. नोंदणी होते का, हे घेण्याआधी आरटीओत विचारावं आणि दुकानदाराकडून लेखी घ्यावं. नोंदणी होते असं सांगून न होणारी गाडी विकली असेल, तर ती फसवणूक स्वतंत्र तक्रारीचा मुद्दा आहे.

मात्र नोंदणी नाही म्हणून ग्राहक हक्क जात नाही. ग्राहक कायद्याला ती एक 'वस्तू' आहे. मिक्सर सदोष निघाला तर दाद मिळते, तशी एटीव्हीचीही मिळते.

नोंदणी झालेल्या गाड्यांना आणखी एक संरक्षण आहे. १ एप्रिल २०२१ पासून सदोष वाहनं परत बोलावण्याचे नियम लागू झालेत. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांत सुरक्षेचा दोष असेल आणि तक्रारी ठरावीक प्रमाणापुढं गेल्या, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. त्यात कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पहिल्या दिवसापासून काय करायचं?

१. पक्कं बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर, "जीएसटी वाचवतो" म्हणत गाडी घेऊ नका. वॉरंटी कार्डावर तारीख, शिक्का, चासी आणि इंजिन नंबर बघा.

२. गाडी वर्कशॉपला दिली की जॉब कार्डची प्रत घ्या. त्यावर बिघाड तुमच्या शब्दांत लिहायला लावा. 'जनरल चेकअप' असं लिहिलं तर सही करू नका. परत घेताना काय केलं, कोणता पार्ट बदलला, हेही लेखी घ्या. जॉब कार्ड देत नसतील, तर तिथंच उभं राहून व्हॉट्सॲपवर मेसेज टाका : अमुक तारखेला, अमुक वाजता, या तक्रारीसाठी गाडी दिली.

३. बिघाडाचा व्हिडिओ काढा. मीटरचा आकडा त्यात दिसू द्या. टेम्पोभाड्याच्या पावत्या जपून ठेवा.

४. वॉरंटीत असताना बाहेरच्या मेकॅनिककडून इंजिन उघडू नका. कुर्ल्याच्या बाजारातून स्वस्तातला पार्ट आणून बसवलात, की कंपनी त्याकडंच बोट दाखवते.

५. हप्ता थांबवू नका. दुकानदारावरचा राग फायनान्सवर काढला तर गाडी ओढून नेतील, सिबिल बिघडेल आणि पुढं पीककर्जालाही अडचण येईल. भरलेले हप्ते नुकसानीच्या हिशेबात दाखवा.

६. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीतही बोलता येतं. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण कंपनीकडं पाठपुरावा करते. बरीच प्रकरणं इथंच मिटतात.

७. तरीही काही झालं नाही, तर नोटीस पाठवा. वकीलच हवा असं नाही. साध्या कागदावर लिहा : "अमुक तारखेला आपल्याकडून ही गाडी इतक्या रुपयांना घेतली. या या तारखांना हा बिघाड झाला. दुरुस्ती होऊनही दोष गेला नाही. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत दोष दूर करावा, अन्यथा ग्राहक आयोगात दाद मागेन." डीलर आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा.

आयोगात जायचं तर

गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोग. म्हणजे आपल्या जवळपास सगळ्या गाड्या यात आल्या. रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये, १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये, २० ते ५० लाखांसाठी १,००० रुपये. तक्रार स्वतः मांडता येते. २०२५ पासून सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर मोबाइलवरूनही दाखल करता येते. सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहू द्या, असा अर्जही देता येतो.

मुदत दोन वर्षांची. तक्रारीचं कारण घडल्यापासून हे दिवस मोजतात. "करू, बघू" म्हणत डीलर दिवस ढकलतो तो उगाच नव्हे. त्याच्या गोड बोलण्यानं मुदत वाढत नाही. समोरच्यानं ३० दिवसांत म्हणणं द्यायचं असतं, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. तपासणी नसेल तर तीन महिन्यांत, असेल तर पाच महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, वर्षही जातात. ही तयारी ठेवूनच उतरावं. मध्ये तडजोडीसाठी मध्यस्थीची सोय आहे. चांगला प्रस्ताव आला तर मान्य करण्यात कमीपणा नाही, फक्त तो लेखी आणि आयोगासमोर करावा.

आदेश होऊनही पाळला नाही, तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ही तरतूद कळली की बरेच दुकानदार ताळ्यावर येतात.

कागद कसे लावायचे हे समजत नसेल, तर मुंबई ग्राहक पंचायत ही १९७५ पासून काम करणारी संस्था विलेपार्ले पश्चिमेला, कूपर हॉस्पिटलच्या मागं ग्राहक भवनात आहे. तिथं तक्रारींचं मार्गदर्शन मिळतं.

आणि ज्यांची खरेदी अजून व्हायचीय, त्यांनी गाडीचा रंग आणि ताकद बघायच्या आधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. सर्व्हिस आमच्या तालुक्यात येऊन देणार का? पार्ट किती दिवसांत मिळणार? वॉरंटीत गाडी आणायचं भाडं कोण देणार? उत्तरं बिलावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावीत. जो दुकानदार पैसे घ्यायच्या आधी हे लिहून देत नाही, तो पैसे घेतल्यावर फोन उचलेल याची खात्री कुणी द्यायची?